चिमणाबाईंनी बोललेला बोकड

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, आणि त्याच्या आदल्या दिवशी चिमणाबाईंच्या घरातून काळ्या मनुका उकळल्याचा वास येऊ लागायचा. कोडोलीच्या मंडळीत हे काम त्यांच्याकडे कधी आलं ते आता कुणाला आठवत नाही. मनुका धुवायच्या, भिजवायच्या, मंद आचेवर उकळायच्या आणि जुन्या पातळाच्या फडक्यातून पिळून घ्यायच्या. त्यासाठीचं जर्मनचं पातेलं फळीवर पालथं असायचं. त्यात दुसरं काही शिजत नसे. सुनेनं, तेजस्वीनं, एकदा घाईत त्यात बटाटे उकडले, तेव्हा चिमणाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी पातेलं राखेनं पुन्हा पुन्हा घासलं आणि दिवसभर सुनेशी नेहमीपेक्षा गोड बोलल्या. तेजस्वीला त्याचाच जास्त धाक बसला.

चिमणाबाई अंगानं काटक, चालणं भरभर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दवाखान्यात आया म्हणून काढली होती. बाळंतिणींना धीर देता देता त्यांचा आवाज जो खाली उतरला तो कायमचाच. आपल्या भागात एवढं हळू बोलणारी बाई सापडणं कठीण, दुकानदार त्यांना दोनदा विचारायचे, "काय म्हटलासा?" नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मुलगा अतुल, सून तेजस्वी आणि पहिलीत जाणारी नात अक्षता. परड्यात चार-पाच शेळ्या.

पण गेल्या दिवाळीपासून एक गोष्ट बाकावर शेजारी बसणाऱ्या धोंडुबाईंच्या नजरेत आली होती. भाकरीचं ताट आणि रसाच्या छोट्या ग्लासांचा ट्रे बाकाबाकावरून फिरायचा. ट्रे हातात आला की चिमणाबाई मान खाली घालायच्या आणि तो तसाच पुढं द्यायच्या.

"का गं चिमणे," धोंडुबाईंनी एकदा उपासनेनंतर पायरीवरच गाठलं, "रस तूच करतीस आणि तूच पीत न्हाईस? काय घालतीस तरी काय त्यात?"

बाजूच्या बायका हसल्या.

"पित्त होतंय," चिमणाबाई म्हणाल्या.

"घोटभर रसानं पित्त? आणि परवा माझ्या घरात तांबडा रस्सा वरपलास, तवा पित्त कुठं गेलतं?"

चिमणाबाईही हसल्या. घरी आल्यावर मात्र परड्यात गेल्या आणि खुंटाला बांधलेल्या एका बोकडाकडं बघत उभ्या राहिल्या. काळाभोर, कपाळावर पांढरा चांद. त्याच्या डाव्या कानाला चीर दिलेली होती. ती त्यांनीच दिली होती.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर अक्षताला डेंग्यू झाला. रक्तातल्या पेशी उतरत गेल्या आणि पोरीला कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या दाराआड ठेवावं लागलं. अतुल रक्ताच्या पिशव्यांसाठी धावत होता. तेजस्वी भिंतीला डोकं टेकून बसली होती. चिमणाबाईंच्या शेजारी बाकावर हुपरीची एक बाई होती, तिचा नवरा आत होता. तिनं पिशवीतून एक नारळ काढून मांडीवर धरला होता.

"आजी, तुमी देवाला काय नवस बोललाय?" तिनं विचारलं.

"आम्ही प्रार्थना करतोय की सकाळपासनं."

"ती झाली वो. पर बोललाय काय? नुसतं मागून कोण देतंय?"

त्या बाईनं हे वाईट मनानं विचारलं नव्हतं. एखादी बाई दुसरीला चहा घेतला का विचारते, तसंच विचारलं होतं. पण चिमणाबाईंना तिथं बसवेना. त्या उठल्या, जिन्याच्या कोपऱ्यात गेल्या आणि भिंतीकडं तोंड करून पुटपुटल्या, "येशूबाप्पा, माझी पोरगी माघारी दे. चांद्या तुझा. त्याचं रगत तुला."

चांद्या तेव्हा दूधपितं करडू होतं. दुसऱ्या दिवशी पेशी वाढू लागल्या. पोरगी घरी आली त्या दिवशी चिमणाबाईंनी ब्लेडनं करडाचा कान चिरला, हळद दाबली आणि ही गोष्ट पोटात ठेवली. ज्याचं देणं अंगावर आहे त्याच्या ताटात हात घालायचा नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ट्रे पुढं जात होता.

हे चिमणाबाई चर्चमध्ये शिकल्या नव्हत्या. त्यांचं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीत. आषाढात तिथं मरगुबाई देवीची म्हाई, म्हणजे जत्रा, होते, आणि देवीपुढं बोकड कापायचा मान त्यांच्या बापाकडं होता. बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडायचं आणि वाट बघायची. त्यानं थरारून अंग झाडलं म्हणजे देवीनं कबूल केलं. मगच सत्तूर उचलायचा. लहानगी चिमणी बापाच्या मागं उभी राहून श्वास रोखून त्या पाठीकडं बघायची.

त्यांचा मधला भाऊ गणपती रांगता असताना मरणाच्या दारातून परत आला. बापानं त्याच्यासाठी बोकड बोलला होता. पण त्या वर्षी घरात पैशाची अडचण निघाली, आणि बोललेला बोकड दारात आलेल्या व्यापाऱ्याला गेला. "पुढच्या साली थोरला देतो, आई," बाप देवळाकडं हात जोडून म्हणाला होता. पुढचं साल यायच्या आत गणपती करडांच्या मागं पळता पळता विहिरीत गेला. आई नवऱ्याला कधी काही बोलली नाही. फक्त दर म्हाईला पोरासाठी म्हणून एक ताट वाढायची, आणि ते ताट बापाच्या समोर ठेवायची.

पुढं चिमणाबाई लग्न होऊन कोडोलीच्या ख्रिस्ती घरात आल्या. बाप्तिस्म्याच्या दिवशी तेव्हाचे म्हातारे पाळक म्हणाले होते, "मुली, आता कुठल्याही देवाला भ्यायचं कारण उरलं नाही." चिमणाबाईंनी ते मनापासून ऐकलं, आणि त्याचा अर्थ लावला की आता एकालाच भ्यायचं.

तर चांद्या वाढत गेला. अक्षतानं त्याचं नाव बदललं होतं. शेजारच्या पाटलांच्या राजवीरसारखा तो येता-जाता सगळ्यांना धडका देतो, म्हणून ती त्याला राजवीर म्हणायची. शाळेतून आली की खिशातलं बिस्किट दाखवत परडंभर फिरायची आणि तो मागं मागं. बकरी ईदच्या आधी व्यापारी दारात आला, तेव्हा अतुल म्हणाला, "आई, बरा भाव देतोय. कान फाटका हाय तरी घेतो म्हणतोय."

"त्यो इकायचा न्हाय."

"मग काय पाळायचा? बोकड हाय त्यो, दूध देणार हाय का?"

"न्हाय म्हणलं की न्हाय," चिमणाबाई म्हणाल्या, आणि त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की अतुल बघतच राहिला. व्यापारी निघून गेला, तरी त्या बराच वेळ दावं धरून उभ्या होत्या. व्यापारी, दार, दावं. सगळं तेच.

फेडायचा कसा, हे मात्र कळत नव्हतं. मरगुबाईचं देऊळ होतं, सत्तूर होता, रीत होती. येशूला बोकड कुठं द्यायचा? कुणाला विचारायची सोय नव्हती. आज-उद्या करत दिवस जात राहिले, आणि आषाढ लागला.

आषाढाच्या पहिल्या आठवड्यात अक्षताला ताप भरला. आधी वाटलं पावसात भिजली. मग ताप उतरेना. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावलं. रक्त तपासायला पाठवलं, रिपोर्ट सोमवारी येणार होता. पोरगी डोळे मिटून पडून होती आणि मधेच म्हणत होती, "आज्जी, राजवीरला बिस्किट दे."

चिमणाबाईंनी बाहेर येऊन धाकट्या भावाला, पिराजीला, फोन लावला. बापाचा सत्तूर आता पिराजीकडं होता. गणपती गेला तेव्हा तो जन्मलाही नव्हता, पण ती गोष्ट त्याला पाठ होती. चिमणाबाईंनी पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं.

पिराजी म्हणाला, "आक्का, दिवाळीपासनं? आणि अजून फेडला न्हाईस? दादाचं इसरलीस?"

"इसरले असते तर बरं झालं असतं."

"उद्या आणतो गाडी. आमची म्हाई मंगळवारी हाय, तितंच उरकू."

"तितं कसं? मी मरगुबाईला न्हाय बोलले. येशूला बोलले."

"आता काय सांगायचं तुला! तुमच्या येशूला बोकड चालतो का तरी?"

"ठावं न्हाय."

"बोलायच्या आधी इचारायचं असतंय, आक्का," पिराजी कळवळून म्हणाला. "बरं, ज्येचं त्येलाच पोचवू. मी येतो. कुठं कापायचा तेवढं तू सांग."

शनिवारी दुपारी पिराजी मोटारसायकलवरून आला. सत्तूर टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला होता. मनुका उकळायला घरी जाते असं सांगून चिमणाबाई दवाखान्यातून निघाल्या होत्या. बोकड दाव्याला ओढून चालेना. चारी पाय रोवून उभा राहिला. शेवटी चिमणाबाईंनी घरातून बिस्किटाचा पुडा आणला. मग तो निमूट त्यांच्या मागं चालत चर्चच्या आवारापर्यंत आला. त्या वाटेत एकदाही मागं वळून बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

पाऊस भुरभुरत होता. जोतिबाचा डोंगर ढगात बुडाला होता. आवारातल्या चिंचेखाली ते उभे राहिले तोवर शेजारच्या घरातून पाळक सत्यशील छत्री घेऊन बाहेर आले. वयानं तरुण, अतुलच्याच बरोबरीचे. बोकड बघून ते हसले.

"आज्जी, हंगामाच्या सणाला अजून वेळ आहे की! आत्ताच आणलात?"

पिकापाण्याच्या सणाला लोक कोंबड्या, शेळ्या चर्चला वाहतात, लिलाव होतो. त्यांना तसंच वाटलं. मग पिराजीनं पिशवीतून टॉवेल काढला, आणि पाळकांचं हसू गेलं.

"हे काय आहे?"

चिमणाबाईंच्या तोंडून एकदम सगळं आलं. जिन्याचा कोपरा, चिरलेला कान, विहीर, सोमवारचा रिपोर्ट. पाळकांनी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि ते स्वतः भिजत ऐकत राहिले.

तेवढ्यात बोकडानं पाठ थरारवली आणि शिंगापासून शेपटापर्यंत अंग झाडलं.

"झाडलं!" पिराजी ओरडला. "आक्का, बघ! कुणी पाणीसुदीक शिंपडलं न्हाय आणि झाडलं! मागतोय त्यो. मागायलाय!"

चिमणाबाईंनी डोळे घट्ट मिटले. गणपतीची ओली चड्डी त्यांना दिसली.

"पिराजीमामा, पाऊस पडतोय," पाळक म्हणाले. "माझा कुत्रापण सकाळपासून अंग झाडतोय."

"तुमी शिकलेली माणसं, साहेब. तुमाला चेष्टा सुचणार."

"चेष्टा करत नाही. आज्जी, आधी ओट्यावर बसा बघू."

त्या बसल्या. बोकड त्यांच्या पदराला तोंड लावून बिस्किट शोधू लागला.

"पाळकसाहेब, मला एक सांगा," चिमणाबाईंचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता. "रगत सांडल्याबिगर माफी न्हाय, हे तुमीच सांगताय न्हवं?"

"सांगतो."

"मग मी काय चुकीचं बोलले?"

"ते रक्त सांडून झालं, आज्जी. ज्याला आपण देवाचं कोकरू म्हणतो त्याचं. एकदाच. म्हणून तर आपल्या चर्चमध्ये सुरी नाही, ताट आणि प्याला आहे."

"ते पापासाठी झालं. माझं पोरीसाठी हाय."

पाळकही ओट्यावर बसले. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "अब्राहाम मुलाला घेऊन डोंगरावर गेला ती गोष्ट तुम्हाला येते?"

"येती की. पोरीला मीच सांगतीया."

"त्यानं सुरी उचलली, आणि देवानं हात धरला. मग मुलाच्या जागी काय दिलं?"

"मेंढा."

"कुणाचा? अब्राहामानं घरून आणलेला?"

"न्हाय. झुडपात अडकला व्हता."

"मग कुणी आणला?"

चिमणाबाई बोकडाच्या दाव्याची गाठ बोटांनी चाचपत राहिल्या.

"पूर्वीचे लोक यज्ञ करायचे," पाळक सावकाश म्हणाले, "ते देवाचं पोट भरायला नव्हे, की त्याला वळवायलाही नव्हे. कोकरू आधी काही दिवस घरात ठेवायचे. पोरं त्याला हात लावायची, नाव ठेवत असतील. आपल्यापायी काय जातंय ते कळावं म्हणून. पण कितीही कापली तरी पुरं पडेना. म्हणून शेवटी देणारा तो आणि दिलेलाही तो, असं आपण मानतो. आता आपल्या हातात द्यायला काही उरलेलं नाही. घ्यायचंच आहे."

"फुकाट?"

"फुकट."

"फुकाट घेतलेलं ऱ्हात न्हाय, साहेब," पिराजी मधेच म्हणाला.

चिमणाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "आणि सोमवारी रिपोर्ट वाईट आला तर? पोरगी गेली तर?"

चिंचेवरून पाणी गळत होतं. पाळक म्हणाले, "ते मला माहीत नाही, आज्जी. खोटं सांगणार नाही. पण वाईट झालं तर ते या बोकडापायी नसेल. आणि ती बरी झाली, तर तेही या बोकडापायी नसेल. मागच्या वेळीही नव्हतं."

"आणि मी बोललेलं?"

"ज्याला बोललात त्याला आज सांगा की भीतीपोटी बोलले. तो काही दारात आलेला व्यापारी नाही." ते उठले. "मी तुम्हाला अडवून ठेवणार नाही. बोकड तुमचा आहे. पण या आवारात मी हे होऊ देणार नाही, आणि उद्या प्रभुभोजन आहे. दिवाळीपासून तुम्ही ट्रे पुढं देताय ते मला दिसतंय."

ते आत गेले. ओट्यावर दोघं भावंडं आणि बोकड राहिला.

"आक्का, चल," पिराजी हळूच म्हणाला. "माझ्या गाडीवर बसव त्येला. तिकडं कुणाला कळणार न्हाय. पत्ता चुकला तरी चालंल, पर देणं फिटंल."

चिमणाबाई उठल्या. दावं त्यांच्या हातात होतं. आयुष्यात त्यांनी कुणाचं काही फुकट घेतलं नव्हतं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी परत केली नव्हती. बोकड दिला तर निदान काहीतरी केल्यासारखं होणार होतं. न देता रिकाम्या हातांनी पोरीच्या उशाशी बसायचं, हे सत्तुरापेक्षा भयंकर वाटत होतं.

"तू जा, पिराजी," त्या म्हणाल्या.

"आक्का!"

"जा बाबा. सत्तूर घेऊन जा. त्यो हितं ऱ्हायला तर माझा जीव पुन्हा त्येच्याकडं जाईल."

पिराजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं टॉवेल पिशवीत कोंबला, गाडीला किक मारली आणि बहिणीकडं न बघता म्हणाला, "पोरीला काय झालं तर मला तोंड दावू नगंस." पण फाटकापाशी थांबून तो परत वळला. "उतार पडला की फोन कर. लगेच कर."

संध्याकाळी चिमणाबाईंनी पातेलं फळीवरून काढलं. मनुका उकळत असतानाच तेजस्वीचा फोन आला: ताप पुन्हा चढलाय, पोरगी बडबडतीय. चिमणाबाईंनी गॅस बारीक केला. परड्याचं दार उघडंच होतं आणि तिथून चांद्या बघत होता. पिराजीची वाडी काही फार लांब नव्हती. एक फोन. त्यांनी मोबाईल हातात घेतला, पिराजीचं नाव काढलं, आणि तशाच उभ्या राहिल्या. पातेल्यातला रस कडेला आला तेव्हा त्यांनी फोन उपडा ठेवला आणि फडकं घेतलं. चटके बसत होते तरी गरम मनुका पिळत राहिल्या आणि तोंडानं एकच म्हणत राहिल्या, "भ्याले म्हणून बोलले, बापा. भ्याले म्हणून."

रविवारी त्या दवाखान्यातून थेट चर्चला आल्या. रात्रभर पोरीच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या; ताप तसाच होता. ट्रे फिरत फिरत त्यांच्या बाकावर आला. धोंडुबाई सवयीनं तो त्यांच्या हातून घेऊन पुढं देऊ लागल्या, तर चिमणाबाईंनी कड सोडली नाही. त्या ओढाताणीत ट्रेमधले ग्लास एकमेकांवर वाजले. त्यांनी एक ग्लास उचलला. आपण न फेडता घेतोय, आत्ता या क्षणी दवाखान्यातून फोन येईल, असं वाटत असताना त्यांनी तो तोंडाला लावला.

धोंडुबाईंनी आपला जाडजूड हात चिमणाबाईंच्या मांडीवर ठेवला आणि उपासना संपेपर्यंत काढला नाही.

सोमवारच्या रिपोर्टमध्ये टायफॉइड निघाला. ताप एकदम गेला नाही. चढत-उतरत बरेच दिवस राहिला आणि औषधांनी हळूहळू गेला. पिराजी म्हाई आटोपून मटणाचा डबा घेऊन आला, पोरीला अंथरुणात बसून खेळताना बघून गेला, आणि जाताना पाळकांच्या दारात एक नारळ ठेवून गेला. का, ते त्यानं सांगितलं नाही.

बोकड अजून परड्यात आहे. थोराड झालाय, वास मारतो, आणि आता खऱ्या राजवीरलाही धडका देतो. अक्षता शिंकली तरी चिमणाबाईंची नजर त्या चिरलेल्या कानाकडं जाते. मग त्या पदरानं तोंड पुसतात, नातीला जवळ ओढतात आणि तिच्या कपाळाला हात लावून बघतात. नुसता हात.